झाकण उघडलं, सावंत

सावंत, काल झाकण उघडलं.

घाल शिव्या. "माझ्याशिवाय उघडलंस, लेले? लाज नाही वाटली?" म्हण. तू म्हणत नाहीयेस म्हणून तुझ्या आवाजात मीच म्हणून घेते. उत्तर सांगणार आहे, पण लगेच नाही. तुला जाऊन दोन महिनेही झाले नाहीत आणि डोक्यात इतकं साठलंय की आधी ते ऐकून घे. उभ्या जन्मात मला एक वाक्य धड पुरं करू दिलं नाहीस. आता बोलायला रान मोकळं आहे, तर मला रडण्यापलीकडे काही सुचत नाही.

कॉलेजात शोकसभा झाली. प्राचार्य म्हणाले, "सावंत सर मितभाषी होते." मितभाषी! मी पटकन मान खाली घातली, नाहीतर सगळ्यांसमोर फिसकन हसले असते. मग ती मान वर काढता येईना. केमिस्ट्रीच्या बाईंनी रुमाल पुढे केला. त्यांना वाटलं मी रडतेय, आणि तोवर मी खरंच रडत होते. अरे, आपल्या त्या घाटकोपरच्या खोलीत खिडकीबाहेरून मेट्रो गेली तरी तुझा आवाज तिच्या वर ऐकू यायचा. शिपाई दारातून डोकावून विचारायचा, "भांडण आहे की शिकवताय?" दोन्ही असायचं.

तुझ्या निळ्या रबरी स्लिपर अजून टेबलाखाली आहेत. सुनंदावहिनींनी तुझं सामान मागितलं तेव्हा पुस्तकं दिली, चष्म्याचं घर दिलं, तो कान तुटलेला मगसुद्धा दिला. स्लिपर दिल्या नाहीत. विचार करायचा झाला की तू बूट काढून त्या घालायचास आणि फटक फटक करत फेऱ्या मारायचास. मी ओरडायचे, "बस ना बाबा एका जागी! डोकं उठलं माझं." आता खोलीत काही वाजत नाही आणि माझं डोकं तरीही उठतं.

तुझ्या तेराव्याला तुझ्या मेहुण्याने मला गाठलं. "ताई, इतकी वर्षं तुम्ही दोघं नक्की कशावर भांडत होतात हो?" काय सांगू त्याला? सांगितलं, की हे विश्व पसरतंय. गुरुत्वाकर्षणामुळे ते पसरणं हळूहळू मंदावायला हवं होतं, पण उलट त्याने वेग धरलाय. का, ते कोणालाच माहीत नाही. मग तुझंच दाराचं उदाहरण दिलं, जे तू दर वर्षी वर्गात द्यायचास. जोगेश्वरीच्या तुझ्या जुन्या खोलीचं दार आपोआप उघडायचं. लेलेबाई म्हणतात, मागून कोणीतरी ढकलतंय, दिसत नाही एवढंच, आणि त्याचं नाव डार्क एनर्जी. सावंत म्हणतो, ढकलत-बिकलत कोणी नाही, बिजागरी बघा. म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं आपलं गणितच इतक्या लांबवर चुकतंय.

"मग भाऊजींचं बरोबर वाटतंय की," मेहुणा म्हणाला. तुझ्या तेराव्याला, तुझ्या फोटोसमोर, मी त्या बिचाऱ्यावर खेकसले, "बरोबर वाटणं आणि बरोबर असणं यात फरक असतो!" सगळे माझ्याकडे बघायला लागले. वहिनी तेवढ्या हसल्या. त्या दिवसात पहिल्यांदा हसल्या असतील.

तुझा सगळ्यात आवडता टोमणा देवचाराचा. "दिसत नाही, सापडत नाही, पण जिथे तिथे आहे. लेले, ही एनर्जी आहे की आमच्या गावचा राखणदार देवचार?" मी म्हणायचे, देवचाराला निदान नारळ दिला की तो काम तरी करतो. तू म्हणायचास, मग दे की तुझ्या एनर्जीला एक नारळ. आणि ज्यांनी शंभर वर्षांपूर्वी गुरुत्वाकर्षणाचं ते समीकरण मांडलं त्यांना आपण दोघं आजोबा म्हणायचो. माझे आजोबा कधी चुकत नाहीत, तुझे म्हातारपणी चुकायला लागलेत, एवढाच काय तो फरक.

पण भांडण निकालात काढायची युक्ती तुझीच होती, ती कबूल करते. जगभरातल्या दुर्बिणींनी केलेली आकाशाची मोजणी आता कोणालाही घेता येते. ती आपण घेतली. लांबच्या गॅलक्सीचा प्रकाश वाटेतल्या मोठ्या वस्तुमानाजवळून येताना वाकतो, म्हणून तिचा आकार किंचित ताणलेला दिसतो. त्याच वस्तुमानाकडे आजूबाजूच्या गॅलक्सी ओढल्या जातात, त्यांचे वेग मोजता येतात. "प्रकाश एक साक्षीदार, गॅलक्सी दुसरी," तू म्हणालास. "दोघांना वेगवेगळं बसवून विचारू." साक्ष जुळली तर आजोबांचं गणित शाबूत, म्हणजे ढकलणारं कोणीतरी आहे. नाही जुळली तर बिजागरी गेली.

आणि मग आपला कुकर. अशा कामात उत्तर स्वतःपासूनच लपवून ठेवायची पद्धत असते, त्याला आपण कुकर म्हणायचो. प्रोग्रॅम खऱ्या उत्तरात एक गुपित आकडा मिसळतो, किती ते करणाऱ्यालाही ठाऊक नसतं. सगळ्या तपासण्या त्या झाकलेल्या उत्तरावरच करायच्या. तुला एका नव्या मास्तरने विचारलं होतं, हा खटाटोप कशाला? तू म्हणालास, "पोराला मार्क कमी पडले की रिचेकिंग, जास्त पडले की पेढे. आपली जात तीच आहे रे." मनासारखं उत्तर दिसलं की माणूस चुका शोधायचं थांबतो, म्हणून झाकण. दोघांच्याही शंका संपल्या की दोघांनी तोंडाने 'उघड' म्हणायचं, तेव्हाच उघडायचं. आणि उघडल्यावर वरून मीठ घालायचं नाही. जे शिजलं असेल ते पानात.

पैज आठवते? आठवते कसली, तू रोज आठवण करून द्यायचास. तू जिंकलास तर मी बांगडा खायचा. मुलुंडच्या लेल्यांच्या घरातली मी, जिथे चातुर्मासात कांदासुद्धा दाराबाहेर, त्या मी तळलेला बांगडा खायचा, तोही हाताने, काटे काढत. आणि मी जिंकले तर तू स्वतः ओल्या काजूची उसळ करायची, वहिनींनी पातेल्याला हात लावायचा नाही. तुला साधा चहा जमत नव्हता, सावंत. दूध उतू घालवायचास आणि म्हणायचास, विश्व प्रसरण पावतंय. मला खरंच ती तुझी जळकी उसळ खायची होती. तेवढ्यासाठी जिंकायचं होतं मला.

दिवाळीच्या सुट्टीत सगळ्या तपासण्या संपल्या. मी म्हटलं, उघड. तू म्हणालास, थांब.

"दक्षिणेकडचा तो पट्टा मला खटकतोय. आकाशाचे तुकडे कर आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं काढ. झाकलेलं का असेना, सगळ्यांत तोच आकडा मिसळलाय ना? मग ती एकमेकांशी तरी जुळली पाहिजेत."

"केलंय ना एकदा!"

"ढोबळ केलंस. बारीक चिर. त्या बाजूला आपल्या आकाशगंगेची धूळ जास्त आहे. धुळीतून बघितलं की गॅलक्सी लाल दिसते, लाल दिसली की आपण तिचं अंतर चुकीचं धरतो."

"सावंत, धुळीची दुरुस्ती झालीये."

"कोणी केली?"

"झालीये रे!"

"मी रोज साकीनाक्यावरून स्कूटरने येतो, लेले. धूळ मला शिकवू नकोस."

मी म्हटलं, हरणार आहेस म्हणून टरकलीये तुझी, म्हणून लांबवतोयस. तू हसलास, म्हणालास, "कटिंग मागव." त्याच चहाचा अर्धा ग्लास तू ठेवलास. पोटात दुखतंय म्हणालास. तू चहा टाकलास हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं, पण माझं लक्ष भांडणात. मग डॉक्टर, तपासण्या, आणि ज्या रिपोर्टचं झाकण कोणालाच उघडायचं नव्हतं तो रिपोर्ट. त्यानंतर कुकरचं नाव मी काढलं नाही. तू मात्र केमोची सलाईन चालू असताना मेसेज टाकायचास, "तुकडे केलेस?" मी लिहायचे, "आधी बरा हो." तू लिहायचास, "विषय बदलू नको."

फेब्रुवारीतली ती दुपार. हॉस्पिटलच्या जिन्यापाशी वहिनींनी माझा हात धरला. "लेलेताई, डॉक्टर म्हणाले आता काही दिवसच. ते तुमचं उत्तर दाखवा ना ह्यांना. एवढी वर्षं डोकं खपवलंय. बघून तरी जाऊ देत." मी नाही कशी म्हणणार होते? नियम गेला खड्ड्यात, म्हटलं. जेवणाचं ताट ठेवतात त्या टेबलावर लॅपटॉप उघडला. तू इतका वाळला होतास की उशीत फक्त नाक आणि चष्मा दिसत होता. मी म्हटलं, "सावंत, 'उघड' म्हण. मी म्हणतेच आहे."

"त्या पट्ट्याचं काय झालं?"

"जाऊ दे तो पट्टा."

"मिटव तो लॅपटॉप."

"अरे, वहिनी म्हणतायत..."

मग तू भडकलास. तुला बोलायला त्रास होत होता तरी मालवणीत भडकलास, म्हणजे फारच. "मी मरतंय म्हणून शिट्यो आधी होतत काय? माका घाई नाय, तुका कित्याक?" धाप लागली. वहिनींनी पाणी पाजलं. मग अगदी हळू म्हणालास, "आणि लेले, खोटं सांगायचा विचार करून आली असशील तर तेही नको. तुझं तोंड वाचता येतं मला."

होता, रे. तोच विचार होता. झाकणाखाली काहीही निघू दे, मी तुला 'जिंकलास' म्हणणार होते. बांगडा आणून तुझ्यासमोर खाणार होते. तू त्या आठवड्यातच गेलास. बाहेरच्या खोलीत तुला ठेवलं होतं तेव्हा वहिनींनी एकदा माझ्याकडे बघितलं. ती नजर मी घरी घेऊन आले. मला तुझा इतका राग आला होता, सावंत. नियम पाळून काय मिळवलंस? ज्याच्यासाठी आयुष्य घातलंस ते न बघता गेलास, आणि बघायचं राहिल्याचं दुःख आमच्या दोघींच्या गळ्यात.

रागानेच मार्चमध्ये बसले कामाला. म्हटलं, करून टाकू तुझी ती शेवटची कटकट, म्हणजे निदान म्हणता येईल की सावंत उगाच अडून बसला होता. आकाश चिरलं, तुला हवं तसं बारीक. सगळे तुकडे एकमेकांशी जुळले. दक्षिणेकडचा पट्टा जुळला नाही. थोडाथोडका नाही, चांगला वाट चुकलेला. मी पंखा बंद केला, पदराने घाम पुसला आणि परत चालवलं. तेच.

मग आपले दोघांचे प्रोग्रॅम शेजारी शेजारी ठेवून ओळ न ओळ वाचत गेले. धुळीची दुरुस्ती तुझ्या प्रोग्रॅममध्ये होती. लेले विसरेल म्हणून तू घातलेली. आणि माझ्यातही होती. सावंत विसरेल म्हणून मी घातलेली! एकाच आमटीत दोघांनी मीठ घातलं होतं, यार, आणि दोघंही दुसऱ्याला न सांगता. जिथे धूळ विरळ तिथे खपून गेलं, जिथे दाट तिथे खारट. असली चूक दुसऱ्या कोणाकडून झाली नसती. मी एकटी त्या खोलीत मोठमोठ्याने हसत सुटले. "बघितलंस का सावंत!" म्हणून वळलेसुद्धा. टेबलाखाली स्लिपर. मग हसू राहिलं बाजूला आणि जे काय झालं ते सांगत नाही. शिपायाने दार बाहेरून ओढून घेतलं, भला माणूस.

चूक काढली. पट्टा जुळला. माझ्या शंका संपल्या. तुझ्या संपल्या का, हे विचारायला कोणी नव्हतं. मी तरी विचारलं. मोठ्याने विचारलं, "आहे का रे अजून काही?" सगळ्यात कठीण तेच गेलं, तुझं 'थांब' न येणं.

एकटीने उघडायचं नाही हा नियम मला मोडायचा नव्हता. म्हणून काल दुपारी जोगेश्वरीला वहिनींकडे गेले. त्यांना म्हटलं, सावंताच्या वाटचं तुम्ही म्हणा. त्या म्हणाल्या, "मला त्यातलं काय कळतं?" म्हटलं, कळायचं काही नाही, फक्त 'उघड' म्हणायचं. त्यांनी हात पुसले, तुझ्या फोटोकडे बघितलं, पदर नीट केला आणि म्हणाल्या, "उघड."

मी जिंकले, सावंत.

दोन्ही साक्षीदारांची साक्ष जुळते. आजोबांचं गणित आपल्या डेटापुरतं, आपण पोचलो त्या अंतरापुरतं, उभं आहे. तू म्हणशील, 'पुरतं' हा शब्द अधोरेखित कर. केला. तू म्हणशील, आकडा मागेपुढे व्हायला जागा एवढी मोठी आहे की तिच्यात माझी आख्खी थिअरी लपेल. लपेल. इतर मोजण्यांतून तर आता डार्क एनर्जीच बदलत असल्याची कुजबुज आहे, म्हणजे माझंही सगळं सुखरूप आहे असं नाही. भांडण संपलेलं नाही, रे. भांडणारा संपला.

आणि एक सांगायचंय, जे सांगू की नको असं काल रात्रीपासून होतंय. झाकण निघालंच होतं, म्हणून मी ते जुनं उत्तरही बघितलं. मीठ दोनदा पडलेलं, आपण दिवाळीत उघडणार होतो ते. हॉस्पिटलात त्या टेबलावर माझ्यासमोर होतं ते. सावंत, त्यात साक्ष जुळत नव्हती. बिजागरी गेलेली दिसत होती, तू म्हणायचास त्याच बाजूला, अगदी झकास. त्या दुपारी तू फक्त 'उघड' म्हणाला असतास तर मला खोटं बोलावंच लागलं नसतं. तू जिंकून गेला असतास. तुझ्याच शंकेने तुला हरवलं.

वहिनींनी माझं तोंड बघितलं. "काय झालं?" लपवायचं होतं, पण तुमच्या घरात सगळ्यांना माझं तोंड वाचता येतं. सांगितलं. बाहेर कोणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली.

"म्हणजे त्या दिवशी उघडलं असतं तर हे खूश होऊन गेले असते."

"हो वहिनी."

"आणि मागाहून तुम्हाला ती चूक सापडली असती."

"आज ना उद्या, हो."

"मग तुम्ही काय केलं असतंत? हे तर नाहीत. एकट्याच काय केलं असतंत तुम्ही?"

तुझं जिंकणं मला माझ्या हाताने पुसावं लागलं असतं, तू नसताना. तू तेव्हा हे ओळखलं होतंस का रे? का नुसता हट्टी होतास? आयुष्यभर ज्याला हट्ट म्हणून शिव्या घातल्या, त्याला आता दुसरं काय नाव देऊ, कळत नाही. थँक यू म्हणायचं राहिलं. ते आपल्यात कधी म्हटलं जात नव्हतं, म्हणून राहिलं.

वहिनी उठल्या. "जेवायला बसा. कोण जिंकेल ते ठाऊक नव्हतं म्हणून दोन्ही केलंय." गावाहून ओले काजू आले होते. ताट समोर आलं, त्यात उसळ. छान झाली होती. जळली नव्हती, म्हणून घास उतरेना. बाजूला परातीखाली बांगडे झाकलेले होते.

"वहिनी, बांगडा वाढा."

"अहो, तुम्ही जिंकलात ना?"

"वाढा हो. तो हरला ते माझ्यामुळे नाही."

खाल्ला मी बांगडा. हाताने. चव काय ते विचारू नकोस, नाकातोंडातून वाहणारं पाणी आणि मीठच लागत होतं. काटे काढता येत नाहीत मला, शिकवणार तूच होतास ना. दुसऱ्याच घासाला काटा घशात अडकला. खोकले, पाणी प्यायले, जाईना. डोळे पांढरे व्हायची वेळ. वहिनी झटकन माझ्या बाजूला येऊन बसल्या. कोरड्या भाताचा मोठा गोळा वळला, पाठीवर एक हात ठेवला आणि गोळा माझ्या तोंडाशी धरला. इतक्या वर्षांत त्या मला कधी अहो-जाहो सोडून बोलल्या नव्हत्या.

"चावू नको," म्हणाल्या. "गिळ. रडू नको गो, आधी गिळ."